जस्ती पत्र्याची झारी

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटा म्हणत. हातात कायम चिमटा असतो म्हणून, अशी तिची समजूत होती. बाकीच्यांकडे दुसरं कारण होतं.

तिच्या प्रयोगाचं झाड वीतभर, दिसायला सामान्य. पण मातीतलं जस्त ओढून पानांत साठवायचं त्याला व्यसन. दुसरं झाड एवढ्या जस्ताने आडवं झालं असतं, हे तरारून उठायचं. जस्त वर चढवणारं एक जनुक मुळांत काम करतं. चिमटाचं म्हणणं, ते जस्त असो-नसो, सदा जागंच असतं. तिच्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं, जस्त आलं की जागं होतं. निकाल बिनजस्ताच्या कुंड्या देणार होत्या.

तिने त्यांतली मुळं गोठवून खलात कुटली, जनुक किती जागं ते सांगणारा आरएनए काढला, मोजला. जनुक टक्क जागं! मग पानं तपासली, तर त्यांत जस्त.

"म्हणजे कुंड्या बाटल्या," सर म्हणाले. "तुझ्याच हातून काहीतरी सांडलं असणार. हरितगृहातली तुझी फळी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या टोमॅटोवाल्यांना देऊन टाकू. तू विषय बदल."

"एकदा परत करते, सर."

"अगं, हट्टाला काही औषध?"

"अजून निघालेलं नाही, सर."

घरी आई म्हणाली, "शेजारणीची मुलगी बँकेत लागली. तू अजून पालाच कुटतेस?"

"पाला नाही गं, मुळं."

"मग प्रगती आहे म्हणायची."

चिमटाने माती तपासली, खत तपासलं, कुंड्या तपासल्या. सगळं स्वच्छ. उरलं पाणी. म्हणून एका सकाळी ती शिपायाच्याही आधी हरितगृहात जाऊन बसली. थोड्या वेळाने सर आले. हातात बायकोने वाढदिवसाला दिलेली झारी, करड्या जस्ती पत्र्याची. बिनजस्ताच्या कुंड्यांपाशी थांबून ते कुजबुजले, "उपाशी ठेवतात रे तुम्हाला," आणि पाणी घातलं. रात्रभर झारीत मुरलेलं पाणी.

झारीतला शुक्राचार्य चिमटाने प्रथमच प्रत्यक्ष पाहिला. तोही स्वतःच्या मार्गदर्शकाच्या रूपात.

"सर, ही झारी कशाची?"

"पत्र्याची," सर म्हणाले. मग त्यांनी झारीकडे पाहिलं. मग कुंड्यांकडे. मग बराच वेळ छताकडे. "रोज घालतो गं मी. बिचारी सुकलेली दिसायची."

"फळी विभागाच्या वार्षिक आढाव्यापर्यंत माझ्याकडे राहील ना, सर?"

"राहील," सर म्हणाले. दुसरं काही म्हणायची सोय नव्हती.

चिमटाने नव्याने बी पेरलं. प्लास्टिकची झारी, ऊर्ध्वपातित पाणी, हरितगृहाला कुलूप, किल्ली गळ्यात. शेजारी तुलनेला त्याच झाडाचं जस्त न साठवणारं चुलत भावंड. आई म्हणाली, "मंगळसूत्र घालायच्या वयात किल्ली घालून फिरतेस." चिमटाने किल्ली पदराखाली सारली.

रोपं वाढली, कुटली गेली. पानांत जस्त जवळजवळ नव्हतंच. चुलत भावंडाचं जनुक पेंगत होतं. हिच्या झाडाचं टक्क जागं, पूर्वीइतकंच.

सरांनी आलेख उलटासुलटा करून पाहिला. "म्हणजे माझी झारी निर्दोष?"

"झारी दोषीच, सर. पण झाड आधीपासूनच असं आहे. काही मिळो न मिळो, ते तयारीतच असतं."

"कुणासारखं गं?"

"जनुकाचं बोलतेय मी, सर."

आढाव्यात सरांनी आलेख स्वतः दाखवला आणि झारीची हकिगतही स्वतःच सांगितली. हशा झाला, त्यात सरांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. फळी चिमटाकडेच राहिली.

टोमॅटोवाल्यांची समजूत काढायला त्यांना झारी देण्यात आली.