दहा इंचीचा दम

"आजी, जरा बाजूला बसता का? मला तिन्ही बॉक्सच्या बरोब्बर समोर उभं राहायचंय," गिऱ्हाईक म्हणालं. मी बाजूला बसले तर विलासला दिसणार नाही. आणि मी दिसले नाही तर त्याला ऐकू येणार नाही.

"गुडघा अडकलाय बाळा," मी म्हणलं. "आता उठले तर दुकानाचं शटर घेऊनच उठीन."

पोरगं हसलं. पियूष नाव त्याचं, अकोल्याकडचं, आयटीत कामाला. भूगावात नवा फ्लॅट घेतलाय म्हणे. त्याला घरात पिक्चर बघायला सबवूफर पाहिजे होता. म्हणजे टीव्हीजवळ ठेवायचं ते जाड आवाजाचं खोकं. ढग गडगडला की आपल्या छातीत गडगडतो ना, ते काम त्याचं.

विलास माझा मुलगा. अठ्ठेचाळीस वर्षांचा. पिरंगुटला निरंजनशेठच्या दुकानात टीव्ही-स्पीकर विकतो, सात वर्षं झाली. त्याचे कान गेलेत हे आमच्या उरवड्याच्या घरात तिघांनाच माहीत. त्याला, त्याच्या बायकोला शुभांगीला आणि मला. समोरच्याचं तोंड दिसलं की तो ओठांवरनं उचलतो. पाठीमागनं हाक मारा, भिंतीला मारल्यासारखी.

वीस वर्षं ढोल बडवला, वर पाच वर्षं डीजेच्या भिंतीखाली उभा राहिला. मग गावातल्या कंपनीत लागला, तर मागनं येणाऱ्या फोर्कलिफ्टचा भोंगा ऐकू आला नाही. पाय वाचला, नोकरी गेली. त्यानंतर ज्या कंपनीच्या गेटवर जाईल तिथं आधी कान तपासायचे. कानाचं मशीन घेतलं, तर ते या खोक्यांसमोर शिट्ट्या मारतं. आणि मशीन लावलेल्या माणसाकडनं आवाज कोण विकत घेईल?

ही नोकरी मीच लावली. थापा मारून. निरंजनशेठला म्हणलं, "माझ्या विलासचं कान म्हंजी काय सांगू तुमास्नी! लवासातल्या राखणदारानं जांभई दिली, तर ह्यो उरवड्यात बसून म्हनतोय, आई, त्येची दाढ किडलीया."

शेठ हसून हसून लोळले. दुसऱ्या दिवसापासनं विलास काउंटरवर. शेठ येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले, "आमच्या विलासचे कान म्हणजे..." थाप माझी, पण तिच्यात राहायला लागलं विलासला.

गर्दी शनिवारी असते, म्हणून दर शनिवारी मी डबा घेऊन जायची आणि तिथंच बसायची. बस चुकली म्हणून. शेठ म्हणायचे, "आजी, तुमची बस दर शनिवारी कशी हो चुकते?" मी म्हणायची, "ड्रायव्हर मला घाबरतो."

खुणा विलासच्याच होत्या. ढोल-लेझीमच्या खेळात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, म्होरक्या हातानं सांगतो आणि चाल बदलते. तसंच आमचं. मी दोन बोटं नाकाला लावली की गिऱ्हाईक किंमत विचारतंय. पदर ओढला की वॉरंटी. मूठ मिटली की थांब, मागं कुणीतरी बोलतंय. सात वर्षं चाललं. गेल्या महिन्यात मात्र मला ताप होता. त्या शनिवारी विलासनं खरखरणारा स्पीकर चांगला म्हणून विकला. गिऱ्हाईक तो परत आणून शेठच्या टेबलावर आपटून गेलं. शेठ म्हणाले, "अजून एकदा असं झालं तर काउंटर सोड, विलास."

त्यानंतर शुभांगी रोज त्याचा डबा भरताना मला विचारायची, "आत्या, आज काय व्हनार न्हाई ना?"

तर पियूष आला त्या शनिवारी तीन खोकी ओळीनं मांडलेली. आठ इंची, दहा इंची, बारा इंची. बारा इंची दोन दिवाळ्या दुकानात पडून होता. शेठनं सकाळीच बजावलं होतं की काही करून तो काढ. किंमत उतरवून दहा इंचीपेक्षाही खाली आणली होती.

"काका, मला नुसती धडधड नकोय," पियूष म्हणाला. "खाली किती जातं ते बघायचंय. रिव्ह्यू वाचून वाचून डोकं फिरलं माझं. एक म्हणतो व्हॅल्यू बघा, एक म्हणतो आउटपुट बघा."

विलासनं आठ इंचीवर तळहात ठेवला. "ह्ये बारकं हाय ना सायेब, बोलतंय लई. पन वझं उचलाया सांगितलं की पळून जातंय. लहान खोलीला ठीक."

"आणि हा मोठा?"

"मोठ्याचा आवाज मोठा. शेजारी भांडाया येतील यवढा."

"म्हणजे हाच घ्यायचा?"

विलासनं शेठकडं बघितलं. शेठ गल्ल्यामागनं मान हलवत होते. पण विलासचा हात बारा इंचीवरच होता, आणि तो हात काहीतरी दुसरंच सांगत होता. हे फक्त मला कळलं.

बारा इंचीवर गाणं चालू होतं. पियूष खाली वाकला. खोक्याच्या भोकाला कान लावून म्हणाला, "ही फुरफुर कसली येतेय?"

विलासला त्याचं डोकं दिसत होतं, तोंड नाही. तो हसरा चेहरा करून उभा. आणि मी खूण शोधतेय. किमतीला खूण होती, वॉरंटीला होती, फुरफुरीला कुठनं आणू?

"माजा दमा हाय बाबा त्यो," मी म्हणलं आणि फुरफुरायला लागले. "थंडीचा असाच वाजतोय."

पियूषनं गाणं थांबवलं. फुरफुर थांबली. मी थोडी जास्तच फुरफुरले.

पोरगं हसलं, पण शेठ हसले नाहीत. गेल्याच शनिवारी मी त्यांना सांगितलं होतं की ताम्हिणीचा घाट मी एका श्वासात चढते, वर पोचून तपकीर ओढते. ते गल्ल्यामागनं उठले.

पियूषनं फोनवर कसलीतरी चाचणी लावली. एकच जाड आवाज, आणि तो हळूहळू खाली उतरत जाणार. फोनवर आकडा दिसत होता, आणि आवाजाची वरखाली होणारी रेघ. "बघू कोण किती खाली जातं. साठ... पन्नास..."

आधी बारा इंची. दुकानाच्या काचा वाजायला लागल्या. विलासनं डोळे मिटले आणि दोन्ही तळवे खोक्यावर ठेवले.

"पंचेचाळीस," पियूष म्हणाला.

"ग्येला," विलास डोळे मिटूनच बोलला. त्यानं आकडा ऐकलाच नव्हता. "आता नुसतं लाकूड थरथरतंय. आत काय न्हाई."

पियूषनं फोनकडं बघितलं. रेघ खरंच तिथंच पडली होती. "काका! एकदम करेक्ट!"

मग दहा इंची. विलासचे तळवे आता त्याच्यावर, डोळे परत मिटलेले. चाळीस झालं, पस्तीस झालं. बत्तिसाला मला काही ऐकू येईना. पियूषनं कान टवकारले, त्यालाही येईना. शेठनंही मान हलवली.

"संपलं वाटतं," पियूष म्हणाला.

"हाय अजून," विलास स्वतःशीच म्हणाला.

आम्ही तिघांनी कान लावले. दुकान एकदम गप्प. रस्त्यावरनं पौडची बस गेली तेवढाच आवाज.

"चालूच हाय. खाली उतरतंय... जिना उतरावा तसं... आता पातळ झालं... आता ग्येलं."

पियूषनं फोन माझ्यापुढं धरला, जसं काही मला कळणार. "अठ्ठावीस! आजी, अठ्ठावीसपर्यंत पकडलं यांनी! आपल्याला कुणाला आलं का ऐकू?"

मला असं वाटलं की उठावं आणि पिरंगुटच्या चौकात ओरडून सांगावं. आयुष्यभर मी ज्या थापा मारल्या त्यातली एक आज खरी झाली होती. आणि तेवढ्यात मी शेठना बघितलं. ते विलासच्या पाठीमागं येऊन उभे होते.

"विलास," ते हळू म्हणाले.

विलासचे डोळे मिटलेलेच. हात दहा इंचीवर.

मी मूठ मिटली. वर केली. हलवली. अगं बाई, डोळे उघड ना रे!

"विलास, तुझ्या शर्टाला आग लागलीय," शेठ म्हणाले. ओरडून नाही, चहा घेतोस का विचारावं तसं.

"सायेब, दहा घ्या," विलास डोळे मिटून पियूषला सांगत होता. "मोठा नुसता आरडतोय. ह्येच्यात दम हाय."

पियूषनं एकदा शेठकडं बघितलं, एकदा विलासकडं, आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं. शहाणं पोरगं.

"शेठ, त्येचं काय हाय," मी उठले. गुडघा अडकलाय हेही विसरले. "ध्यान लागलं की त्यो असाच. लहानपनी एकदा शेतात वीज पडली याच्या शेजारी, तर ह्यो म्हनतोय कसा..."

विलासनं डोळे उघडले. माझे ओठ बघितले, माझी वर धरलेली मूठ बघितली, आणि मग मागं वळून शेठना बघितलं.

"आई, ऱ्हाऊ दे."

मग शेठला म्हणाला, "मला ऐकू येत न्हाई, शेठ. तुमच्याकडं आलो तवाबी येत नव्हतं."

"सात वर्षं तू मला आवाज विकून दिलास?"

"व्हय."

शेठ माणूस वाईट नाही. खुर्चीवर बसले, चष्मा काढला, पुसला. "मला फोन उचलणारा माणूस पाहिजे रे. आणि गोडाऊनला तुला कसं ठेवू? तिथं दिवसभर टेम्पो मागं येतात. काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"पण सर, त्यांनी बरोबर सांगितलं ना," पियूष मधे पडला.

"बरोबर सांगितलं म्हणून तर बारा इंची माझ्याच बोडक्यावर राहिला," शेठ म्हणाले. मग विलासकडं तोंड करून, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून: "आजचा दिवस कर. उद्यापासून नको."

सात वर्षांत शेठ पहिल्यांदाच त्याच्याशी असं बोलले. हेच आधी बोलले असते तर मला शनिवारी यावंच लागलं नसतं.

विलासनं मान हलवली. "मग ह्ये सायबांच्या घरी बसवून देतो. कुटं ठेवायचं ते कळाया लागतंय, न्हाईतर दम वाया जातोय."

पियूषच्या गाडीतनं आम्ही भूगावला गेलो. चौथा मजला, गुळगुळीत पांढरी फरशी, सामान अजून अर्धं पुठ्ठ्यात. विलासनं खोकं उचलून सोफ्यावर ठेवलं, जिथं माणूस बसायचा तिथं. गाणं लावायला सांगितलं आणि स्वतः चपला काढून हातापायावर आला.

"हे मी वाचलं होतं," पियूष मला हळूच म्हणाला. "जिथं बसणार तिथं सबवूफर ठेवायचा आणि आपण रांगत फिरायचं. जिथं चांगलं लागेल ती त्याची जागा. पण खरंच कोण रांगणार, म्हणून सोडून दिलं."

विलास भिंतीकडेनं निघाला. टीव्हीच्या खाली थांबला, मान हलवली, पुढं गेला. खिडकीपाशी थांबला. तिथंही नाही. कोपऱ्यात नुसती दणदण असणार, लगेच मागं फिरला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, इस्त्रीची पँट, परक्याच्या घरात गुडघ्यावर. शेवटी चपलांच्या कपाटाशेजारी, कुणी बोट दाखवणार नाही अशा जागी, तो थांबला. तळहात टेकवले. मग कोपर. मग पालथा पडून गाल फरशीला लावला.

"काका, इथं? टीव्हीजवळ नाही चालणार का?"

विलास हलला नाही. त्याची पाठ आमच्याकडं होती.

पियूषनं माझ्याकडं बघितलं. पोरगं शहाणंच. परत विचारलं नाही, भिंतीला टेकून उभं राहिलं. आम्ही दोघं त्या पाठीकडं बघत राहिलो, आणि गाणं चालू होतं, आणि पाठ श्वासानं वरखाली होत होती.

गाणं संपलं. विलास उठून बसला. फरशीवर त्याच्या गालाचा ओलसर ठसा उमटला होता. त्यानं तो शर्टाच्या बाहीनं पुसला, पार चकचकीत होईपर्यंत पुसला, आणि खोकं आणायला सोफ्याकडं गेला.