उसनी चव

कार्तिक उतरणीला लागला होता. आजऱ्याच्या शिवारात सुवासिक घनसाळ भाताची कापणी आटोपली होती आणि रित्या वाफ्यांवर, धसकटांच्या सोनेरी टोकांवर, मावळतीचे ऊन मधासारखे सावकाश ओघळत होते. पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा. आधी हिरव्या, मग निळ्या, मग नुसत्या धूसर. हिरण्यकेशीवरून येणारा वारा थंड होता, ओला होता, आणि त्याच्या पदराला नव्या भाताचा गंध बांधलेला होता.

गावाच्या टोकाला, काजूच्या टेकडीच्या पायथ्याशी तीन घरे खांद्याला खांदा लावून उभी होती. घरांमागे तीन परडी, भाजीपाल्याची परसे, आणि परड्यांच्या मधून कमरेइतके, शेवाळलेले दगडी गडगे.

उजवीकडचे परडे हौसाक्कांचे. तिथे मांडवावर दोडके, छपरावर भोपळे, आणि वाफ्यात नखाएवढ्या पानांची कोवळी मेथी. डावीकडचे तेरेझा बारदेस्करचे. तिथे दोन नारळ, सुपारीला बिलगलेला मिरवेल, आणि कुंकवासारखा रसरसलेला तांबडा माठ. मधले परडे शालन होडगेचे. तिथे श्यामल, काटेरी, चकचकीत वांगी, कुंपणभर पावटा, आणि मधोमध एक उंच, झुलता शेवगा.

वर्षानुवर्षे दिवस कलला की तिघी त्या शेवग्याखाली जमत. कुणाच्या सुपात, कुणाच्या ओच्यात, जे त्या दिवशी पिकले ते असे. आणि मग रोजचाच तो प्रश्न निघे, "आज रातच्याला काय करतीस गं?"

दोडक्याच्या शिरा फेकू नका, तीळ घालून परता, हे हौसाक्कांनी शिकवले. भोपळ्यात ओले खोबरे आणि ठेचलेली मिरी घालावी, हे तेरेझाने. कारळाचा कूट भरून वांगी मंद आचेवर ठेवावीत आणि त्यांना थोडा वेळ विसरून जावे, हे शालनने. एकीच्या परड्यातले दुसरीच्या चुलीवर शिजे आणि तिसरीच्या ताटात पडे.

त्यातही शालनचे नाक साऱ्या आळीत नावाजलेले. गडग्यापलीकडे उकळणाऱ्या आमटीचा नुसता दरवळ घेऊन ती हाक देई, "तेरेझा, चिंच राहिली बघ!" आणि चिंच खरोखरच राहिलेली असे.

पण त्या कार्तिकात शेवग्याखाली कुणी जमत नव्हते.

आश्विनात शालनला ताप आला होता. नऊ दिवस ती अंथरुणाला खिळली होती. दहाव्या दिवशी ती नाहली, केस पुसले, आणि घनसाळाचा भात चढवला. ज्या भाताला कढ आला की आळीच्या तोंडाशी वासानेच कळते, तो भात. पातेल्यातून वाफ उठली. शुभ्र, दाट. वाफेतून काहीच आले नाही.

तिने घास तोंडात घातला. ऊन होता. मऊ होता. बाकी काही नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. पण कधी ते मी सांगू शकत नाही."

तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. फक्त नवऱ्याला, बळवंतरावांना, तीही निम्मीच, वास येत नाही एवढीच. बळवंतराव पोस्टातून निवृत्त झालेले, मितभाषी, मऊ मनाचे. ती वाढी, ते खात. ती विचारी, "कसं झालंय?" ते म्हणत, "छान झालंय."

एके दिवशी तिने पाहिले की आमटीभाताचा एकेक घास घेऊन ते तांब्यातले पाणी पीत आहेत. दुसऱ्या दिवशी भाजीवर त्यांनी मुकाट्याने ताक ओतले. आणि दोन्ही वेळा तेच उत्तर, तेच स्निग्ध, सावध, दयाळू उत्तर. छान झालंय. त्या 'छान'खाली शालन दिवसेंदिवस विझत गेली. आपल्या हातचे काय बिघडले आहे, तेही तिला कळेना.

मग ती परड्यात जाईनाशी झाली. वांगी वेलांटीसारखी वाकली, पिवळी पडली, बियांनी जड झाली. पावट्याच्या शेंगा वाळून उन्हात तडकू लागल्या. गडग्यापलीकडून हाक आली की ती आतूनच म्हणे, "अंग दुखतंय गं आज."

एका सायंकाळी तिने शेगडीवर दूध ठेवले आणि उंबऱ्याशी उजेडात तांदूळ निवडत बसली, दाराकडे तोंड करून, शेगडीकडे पाठ करून. दूध वर आले, उतू गेले, आटले, लागले, करपले. तिची बोटे तांदळातले खडे वेचत राहिली. शांत, एकाग्र, अजाण.

हौसाक्का मागच्या दाराने धावत आत आल्या. सत्तरीच्या उंबरठ्यावरची ती बाई नऊवारीचा सोगा धरून धापा टाकीत होती.

"शालन! अगं दूध जळलं! तीन घरांत वास सुटलाय आणि तू हितंच बसलीयास व्हय?"

त्यांनी शेगडी बंद केली. शालन वळली. काळ्याठिक्कर पातेल्याकडे तिने असे पाहिले, जणू ते दुसऱ्या कुणाच्या घरातले आहे.

"मला आलाच नाही वास, हौसाक्का." आणि मग, महिनाभर दाबून धरलेले सगळे एकदम सुटले. "कसलाच येत नाही. चव पण गेली. घास आणि माती, दोन्ही सारखंच लागतंय मला."

हौसाक्कांनी ते पातेले उचलले, परड्यात नेले, राख घेतली आणि घासत बसल्या. अंधारून येईतो घासत राहिल्या. पातेले पुन्हा पांढरे झाले तेव्हा ते तिच्यापुढे पालथे घालून त्या एवढेच म्हणाल्या, "सांगायचं न्हवतंस व्हय आमास्नी?"

"काय सांगू? सगळी आळी मला चव विचारायची. आता मीच..." वाक्य अर्ध्यात मोडले. हौसाक्कांनी ते पुरे करू दिले नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य काजूच्या टेकडीला टेकला आणि मागच्या दारात दोन सावल्या उभ्या राहिल्या. हौसाक्कांच्या सुपात मेथी. तेरेझाच्या हातात सोललेला नारळ, पदरात मूठभर ओली मिरी. आणि वाटेत दोघींनी शालनच्याच झाडांवरून शोधून, पाने उलटून काढलेली चार कोवळी वांगी.

"शालनताई," तेरेझा म्हणाली, "हात आहेत की तुमचे. डोळे आहेत, कान आहेत. तुम्ही करा. चव आम्ही बघतो."

शालन नको म्हणाली. दोघींनी ऐकले नाही. तेरेझा खोबरे किसायला बसली आणि हौसाक्कांनी सरळ तवा पुढे सरकवला.

तिने कारळे भाजली, दाणे भाजले. लसूण ठेचला. वांग्यांना चिरा दिल्या, सारण भरले, देठ धरून एकेक वांगे तेलात उभे केले. वर झाकण ठेवून त्यावर पाणी ओतले. झाकणावरच्या पाण्यात तिघींचे चेहरे थरथरत होते.

हौसाक्कांनी पहिला घास घेतला. चावला. गिळला.

"खारट," त्या म्हणाल्या. "आणि कडू बी. कारळं जळलंय तुझं."

तेरेझाचा किसता हात थांबला.

"किती खारट?" शालनने विचारले.

"पाण्याबिगर गिळवत न्हाई इतकं!"

आणि शालन हसली. महिन्याभरात प्रथमच, पोटातून, डोळ्यांतून, पाणी येईतो हसली. कुणीतरी तिला खरे सांगितले होते. अंधाऱ्या खोलीत चाचपडणाऱ्या हाताला भिंत लागावी तसे तिला झाले. भिंत खरबरीत होती, थंड होती, पण ती होती. तिला धरून आता चालता येणार होते.

ती रोज स्वयंपाक करू लागली. त्या दोघी रोज येऊ लागल्या.

मार्गशीर्षाच्या हिमशीतल, निळ्या सायंकाळींत तिचे कान जागे झाले. कारळाचा तडतडाट विरळ होत थांबतो, त्याच पळाला तवा उतरवायचा. आमटी आधी खळखळते, मग रटरटते, आणि जेव्हा ती जड, घोगऱ्या आवाजात बोलू लागते तेव्हा ती झाली. तिचे डोळे जागे झाले. लसणाचा रंग चांदण्याचा, मग केतकीचा, मग जुन्या सोन्याचा. त्यापुढे गेला की राख. तिची बोटे जागी झाली. चिमटीत मावणारे मीठ तिने हौसाक्कांच्या जिभेशी पुन्हा पुन्हा जुळवून घेतले, अगदी वाद्य जुळवावे तसे, सुरावर येईपर्यंत.

एके दिवशी भोपळ्याची भाजी झाली. तेरेझाचीच रीत, ओले खोबरे आणि मिरी. तेरेझाने चाखली आणि डोळे मिटले.

"कसं लागतंय?"

"मस्त."

"असं नको. मला दिसेल असं सांग."

आयुष्यभर तेरेझाने खाल्ले होते, रांधले होते. चवीला शब्द कधी दिला नव्हता. तिने आणखी एक घास घेतला, जिभेवर फिरवला.

"आमच्या चर्चची घंटा वाजून थांबते ना ताई, त्यानंतर हवेत काहीतरी घुमत राहतं. घास गिळला तरी खोबरं तसं राहिलंय."

शालनने हौसाक्कांकडे पाहिले. हौसाक्का लाजल्या, पदर सारखा केला.

"मला काय बोलाय येतंय? आधी गोड गोड. मग मागनं मिरी येती, नव्या सुनंगत, पाय न वाजवता. आणि एकदा आली की बसती ठाण मांडून!"

तिघी हसल्या. शालनने मग आपला घास घेतला. जिभेवर तो मऊ होता आणि ऊन होता, पूर्वीसारखाच मुका. पण आता त्या मौनाच्या मागे कुठेतरी एक घंटा घुमत होती, आणि कुणी नवी नवरी दबक्या पावलांनी घरात येत होती.

नवऱ्याच्या त्या 'छान'ची गोष्ट शालनने एव्हाना हौसाक्कांना सांगितली होती. जाताना त्या ओसरीवर थांबल्या. तिथे बळवंतराव कंदिलाची काच पुशीत बसले होते.

"बळवंता, तू तिला खोटं का रं सांगत हुतास?"

ते काच पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "तिला वाईट वाटंल म्हणून, अक्का."

"वाईट वाटू दे की. वाईट वाटल्याशिवाय मीठ कमी कसं करंल ती?"

त्यानंतर आठेक दिवसांनी, पावट्याची आमटी भुरकताना बळवंतराव थांबले. वाटी खाली ठेवली. घसा खाकरला. एखादा मोठा अपराध कबूल करावा तसे मान खाली घालून म्हणाले, "आज मीठ जरा कमी पडलंय."

शालन उठली. मीठ आणून त्यांच्या वाटीत घातले, आणि त्यांना दिसू नये म्हणून भाकरी आणायच्या निमित्ताने चुलीकडे वळून किती तरी वेळ उभी राहिली. लग्नाला तीस वर्षे झाली होती. इतके गोड ते तिच्याशी कधी बोलल्याचे तिला आठवत नव्हते.

पौष गेला, माघ गेला. तिचे परडे पुन्हा हिरवे झाले. 'आभार' हा शब्द त्या तिघींच्या बोलण्यात कधीच नव्हता. तो कागदावरचा, सभेतला, परक्या माणसांचा शब्द. शालन पहाटे दवात उतरे. सगळ्यांत कोवळी, सगळ्यांत चकचकीत, एकही छिद्र नसलेली वांगी शोधी. ती दोन सुपांत ठेवी. उरलेली, किडकी आणि वाकडी, आपल्या घरात नेई. हौसाक्कांना हे कळत होते, तेरेझालाही कळत होते. कुणी त्याबद्दल बोलत नव्हते.

मग चैत्र आला. ताम्रवर्णी पालवीचा, झळाळत्या आकाशाचा चैत्र. तेरेझाने पहिल्या तोडीच्या कैऱ्या पाठवल्या. लोणच्यासाठी चिरताना शालनने सवयीने एक फोड दातांखाली धरली.

आणि तिचे डोळे मिटले गेले. गालफडे आत ओढली गेली. जिभेच्या दोन्ही कडांवरून एक हिरवी, लखलखीत, तीक्ष्ण वीज सळसळत गेली.

आंबट!

ती विळीपाशीच बसून राहिली. पुन्हा एक फोड खाल्ली. पुन्हा तेच. तिला उठून धावावेसे वाटले, हाक मारावीशी वाटली. आणि ती थांबली.

तीन दिवस तिने सांगितले नाही. तीन दिवस ती विचारत राहिली, "कसं लागतंय?" आणि त्या दोघी जीव ओतून सांगत राहिल्या. चौथ्या दिवशी तिला ते सोसवेना.

"हौसाक्का, तेरेझा, मला आंबट कळायला लागलंय. तीन दिवस झाले."

"आणि आज सांगतीयास?" हौसाक्का कडाडल्या.

शालनने मान खाली घातली. "सगळं परत आलं तर तुम्ही यायच्या बंद व्हाल, असं वाटलं."

बाहेर एक कोकीळ दोनदा ओरडून थांबला.

"येडी हाईस," हौसाक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "तुझी जीभ गेली तवा मला पहिल्यांदा कळलं, मी खाती ते कसं लागतंय. सत्तर वरसं नुसतं गिळत हुते मी. मी कुठं जाती आता?"

तेरेझाने डोळे पुसले, टोपलीतली एक कैरी उचलली आणि विळीवर तिचे तीन भाग केले. सारखे झाले नाहीत. थोरला तिने शालनपुढे धरला. मीठ चोळले, तिखट भुरभुरले.

"आता एकदम," ती म्हणाली.

तिघींनी एकदम चावा घेतला. तिघींचे डोळे एकदम मिटले, तीन कपाळांवर एकच आठी उमटली, तीन माना एकदम शहारल्या. मग हसू आले, आवरता न येणारे, घरभर सांडणारे. आणि चैत्राच्या त्या सोनसळी उजेडात, मनगटांवरून, बांगड्यांवरून, कोपरांवरून, कैरीचा रस थेंब थेंब ओघळत राहिला.