न पाहिलेल्या पिक्चरचा पडदा

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो, आणि मी भयंकर रागावलेलो आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की पडद्यानं एवढं तोंड का सोडलं. मुळात मला तोंडच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं माझ्या अंगावर बोलली, रडली, गायली. आज मी बोलणार आहे आणि तुम्ही गुपचूप ऐकणार आहात.

पडदा होण्याआधी मी होडीचं शीड होतो. चिंचणीच्या किनाऱ्यावर भगवंत नावाच्या म्हाताऱ्या नाखव्यानं जाड सुताचं कापड जोडून मला शिवलं. माझ्या तरुणपणी वारा मला घाबरत असे. एकदा वैतरणेच्या खाडीत वारा उलटा फिरला, तेव्हा मी त्याला पोटात धरून ठेवला आणि होडी घरी लागल्यावरच सोडला. खोटं वाटत असेल तर खाडीला जाऊन विचारा. भरती-ओहोटी मला पंचांग न बघता कळे. पुढे भगवंतच्या होडीला इंजिन बसलं आणि माझी घडी घालून मला माळ्यावर टाकलं. उंदरांनी माझ्यावर संसार मांडले.

तिथून मला पुंजारामनं आणलं. पुंजाराम सिन्नरकडचा. जत्राजत्रांतून तंबू ठोकून तो सिनेमा दाखवायचा. सहासष्ट सालाच्या सुमारास बोईसर-तारापूरच्या बाजूला वीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. नगर, जळगाव, साताऱ्याकडची कुटुंबं येऊन चाळीत राहिली होती आणि संध्याकाळी त्यांना करमत नसे. पुंजारामनं हे हेरलं. त्यानं मला धुतलं, पांढरा रंग दिला आणि बांबूंच्या चौकटीत ताणून बांधलं. बायको सुगंधा बायकांच्या दारावर तिकिटं फाडायची. "एक हंगाम नीट गेला की बोईसरलाच तंबू कायमचा राहील. मग गावोगाव हिंडणं नाही," असं तो तिला सांगायचा. सुगंधाला दिवस गेले होते. तिला आता हिंडणं झेपत नव्हतं. मित्रांनो, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आता त्या मुलखाची एक रीत ऐका. आमचे खेळ आधी चिंचणीला व्हायचे, मग बोईसरला. चिंचणीची मंजुळा सुक्या बोंबलांची टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. बोंबील घेण्याआधी गिऱ्हाईक विचारायचं, "मंजुळाबाई, पिक्चर कसा हाय?" आणि ती सांगायची.

"रुमाल घेऊन जा. आनि सासूला नेऊ नको, ती घरी येऊन तुझ्यावरच उलटंल."

किंवा, "हाय बरा. मधी डुलकी काढलीस तरी काय चुकनार नाय."

तिचा शब्द म्हणजे शब्द. ती म्हणाली जा, की तंबूच्या कनाती फाटायची वेळ यायची. ती न पाहिलेल्या पिक्चरबद्दल कधी बोलली नाही. हे लक्षात ठेवा, कारण माझा राग इथंच आहे.

त्या वर्षी माघात पुंजारामनं एक बोलपट आणला. त्यात तलवारी नव्हत्या की नाच नव्हता. नवरा घर सोडून गेलेली एक कुंभारीण असते. चाकाला बाईनं हात लावायचा नाही, असं सगळं गाव तिला बजावतं, तरी ती चाक फिरवते. पुंजारामनं तो नाशकात पाहिला होता आणि तेव्हापासून त्याला चैन नव्हतं. "हा पिक्चर लोक डोक्यावर घेतील," तो म्हणाला. रिळांची पेटी आठवड्यानं परत करायची होती.

त्यानं चिंचणीचा खेळ ठेवला पौर्णिमेला. का? तर घाटावर पौर्णिमेलाच ठेवतात! टिपूर चांदणं असतं, लोक बायकापोरांसह निर्धास्त चालत येतात आणि परत जातात. सिन्नरच्या माणसाला यात काय चूक दिसणार?

मला दिसली. पौर्णिमेला उधाण असतं, मित्रांनो! पाण्याला जोर असतो, जाळी भरतात, गडीमाणूस एकूण एक होडीवर जातो. बायका किनाऱ्यावर काठ्यांच्या रांगांवर बोंबील वाळत घालतात. त्यांना मान वर करायला फुरसत नसते. अष्टमीच्या सुमारास पाणी मंदावलं, कोळ्यांच्या भाषेत भांग लागली, की मग सगळे मोकळे. हे मला ठाऊक होतं आणि मी ओरडू शकत नव्हतो! मी फडफडलो, दोरीला हिसके दिले.

"वारा फार आहे," पुंजाराम म्हणाला आणि त्यानं मला आणखी आवळून बांधलं.

संध्याकाळी विजेचं इंजिन सुरू झालं. तंबूत कोणी नव्हतं. एक शेळी आली होती, तीही कनात चघळून गेली. कुंभारणीचा चेहरा माझ्यावर उमटला, तेव्हा समोर एकटी सुगंधा बसली होती.

"अहो, बंद करा. तेल जळतंय नुसतं."

"तू बघ," यंत्राजवळून पुंजाराम म्हणाला. "कोणीतरी बघायला हवं ना!"

तिनं शेवटपर्यंत पाहिला. शेवटी पदर डोळ्यांना लावला. मी किती पिक्चर दाखवले, पण त्या संध्याकाळइतकं मन लावून मी कधीच उभा राहिलो नाही. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि आम्ही बोईसरला आलो.

आता या गोष्टीतला माझा वैरी येतो. वामनराव. बांधकामाच्या गोदामातला कारकून, बोलण्यात पटाईत. पौर्णिमेला तो एसटीतून चिंचणीहून येत होता आणि खिडकीतून त्याला आमचा रिकामा तंबू दिसला. बस, एवढं पुरलं! बोईसरला आमच्या तंबूला लागूनच चहाचं दुकान होतं. मंजुळा उधाणामुळे बाजारात आलेली नव्हती. म्हणून लोक त्याला विचारू लागले.

"क्या वामनबाबू, पिक्चर कैसा है?" एका वेल्डरनं विचारलं.

"एकदम फालतू! पैसा पानी में."

"आपने देखा?"

"देखने का क्या काम? चिंचणीची माणसं फुकट दाखवला तरी आली नाहीत. बाई रडते, मडकी फुटतात, संपला पिक्चर."

मडकी फुटतात! अहो, त्या अख्ख्या पिक्चरमध्ये एकही मडकं फुटत नाही! मी ते अंगावर वागवलंय! आणि फुकट कोणी दाखवला? पण बशीतला चहा फुरकत तो दर घोटाला एक खोट जोडत होता, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या चाळीत पसरलं. "रडका आहे." "आवाजच ऐकू येत नाही." "म्हणे शेवटची रिळंच नाहीत." सांगणाऱ्यांपैकी एकानंही माझ्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं.

बोईसरलाही तंबू ओस पडला. पेटी परत गेली. पुंजारामनं यंत्र तंबूसकट पालघरच्या एकाला देऊन टाकलं आणि बांधकामावर खडी फोडायला लागला. पिक्चर निवडण्याची अक्कलच आपल्याला नाही, असं त्यानं मनाशी धरलं. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं.

अष्टमी उजाडली. सुगंधा मोकळ्या जागेवर मला अंथरून, कात्री घेऊन बसली होती. समोरून मंजुळा आली. डोक्यावर टोपली, अंगावर नवं लुगडं, आणि मागं चिंचणीच्या बायकांचा हा घोळका!

"अगो बाय, तंबू कुठं गेला? आमची भांग लागली आज. सगल्या पिक्चर बघाया आलो!"

सुगंधाच्या हातातली कात्री खाली पडली. "चिंचणीला कोणी आलंच नाही, मंजुळाताई. मग इथंही पिक्चर वाईट म्हणत कोणी फिरकलं नाही."

"पुनवेला? उधानात?" मंजुळानं कपाळावर हात मारला. "उधानात आमी जेवाया बसत नाय, पिक्चर कुठला! आनि इथं कोन बोलला वाईट हाय म्हनून?"

चहाच्या दुकानातली सगळी डोकी एकाच बाकाकडे वळली. वामनराव कप ठेवून उठला. "मी आपलं लोकमत सांगितलं. आणि ते असू दे, बोंबील कसे दिलेस?"

"पिक्चर बघितलात तुमी?"

"तसा पाहिला नाही, पण..."

मंजुळानं टोपलीवर फडकं ओढलं. "बोंबील खराब हायत."

"अगं, दिसतायत तर चांगले. एक चाखून तर बघू दे."

"चाखायची काय गरज? मी लांबून सांगते ना, खराब हायत. जा घरी. बायकोलाबी सांगा."

चहावाला हसला, वेल्डर हसला, बायका तर टाळ्या देऊन हसल्या. त्या दिवसापासून एकाही कोळणीनं वामनरावाच्या दाराशी टोपली उतरवली नाही. बटाटे खाऊन खाऊन त्याच्या कानामागे कोंब फुटले, ते मी स्वतः पाहिले आहेत.

पण हसून तंबू परत येत नाही, मित्रांनो. मंजुळा माझ्यावर फतकल मारून बसली. "तू बघितलास ना बाय? सांग मग. सगला सांग."

आणि सुगंधानं सांगितला. कुंभारीण चाकाला पहिल्यांदा हात लावते, ते सांगताना तिनं स्वतःचे दोन्ही हात हवेत फिरवले. चिंचणीच्या बायका श्वास रोखून ऐकत होत्या. चहाच्या दुकानातली माणसं एकेक करून येऊन मागे उभी राहिली. कामावरून परतणारा, खडीच्या धुळीनं पांढरा झालेला पुंजाराम तिथं थबकला.

गोष्ट संपल्यावर मंजुळा म्हणाली, "असा पिक्चर हाय होय! दादा, तुमचं चुकलं नाय. दिस चुकला."

 खाली बसून पुंजारामनं माझी एक कड नीट ताणून धरली, आणि सुगंधानं कात्री चालवली. माझ्या एका तुकड्याची तिच्या बाळासाठी झोळी झाली. दुसरा त्यांच्या चाळीतल्या दारावर लटकतो आहे. तो मी.

तर मित्रांनो, कुठलीही गोष्ट आवडली नाही तर खुशाल नाही म्हणा. शिट्ट्या मारा, उठून जा, माझ्यावर शेंगांची टरफलं फेका. मी ते सगळं सोसलं आहे आणि त्याचा मला राग नाही. पण आधी समोर येऊन बसा. डोळे उघडे ठेवून बघा. आणि न बघता कोणी बरळू लागला, तर त्याला तिथल्या तिथं विचारा, "पाहिलास का रे?" वेल्डरनं विचारलं आणि सोडून दिलं; तेव्हा बोईसरात एकानं जरी हे ठणकावून विचारलं असतं, तरी आज मी दारावर नसतो.