नसाबातला राजदूत

खेमसिंग नायक पाच वेळा लोकसभेवर निवडून गेले आणि सहाव्या वेळी पडले, तेव्हा यवतमाळच्या चहाच्या टपऱ्यांवर लोकांना झालेला आनंद मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. पुढच्या वर्षी सरकारने त्यांना पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात राजदूत म्हणून पाठवलं, तेव्हा त्याच टपऱ्यांवर 'राजकीय पुनर्वसन' हे शब्द दिवसभर चघळले गेले. मी मधुसूदन, त्यांचा स्वीय सहायक. आमच्या घरातले सगळे पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत. नेत्याची फाइल सांभाळावी, नेत्यावर भाळू नये, हे मला घरातच शिकवलेलं. अर्धं आयुष्य मी साहेबांच्या मागे फाइल घेऊन चाललो आणि हे पथ्य बिनचूक पाळलं. ते मोडलं घाटंजीजवळच्या एका तांड्यात, आणि तेही मी त्यांच्यावर मनातून चरफडत असताना.

साहेब बंजारा. त्यांच्या आजोबांच्या काळापर्यंत बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथे घातलेली माणसं. नंतर शेतीला लागली. आजोबा तांड्याचे नायक, म्हणजे तिथले भांडणतंटे त्यांनी मिटवायचे. त्यासाठी तांडा बसतो, त्या बैठकीला नसाब म्हणतात. आजोबांच्या नसाबात खुर्ची, बाज, काही चालत नसे. नायकापासून गुन्हेगारापर्यंत सगळे मातीत, आणि ज्याचं नुकसान झालं तो बोलून मोकळा होईपर्यंत कोणी उठायचं नाही.

दिल्लीतही साहेबांनी हेच केलं. सभागृहात ते फारसे बोललेच नाहीत. 'मौनी खासदार' म्हणून आमच्या विरोधकांनी पत्रकंही छापली होती. पण एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्षांचे पुढारी साहेबांच्या बंगल्यावर सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेले मी पाहिले आहेत. साहेब मध्ये नुसते बसत. चहा मी द्यायचो. एकदाचं भांडण मिटलं की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात भलत्याच माणसाचं नाव यायचं, आणि माझा तिळपापड व्हायचा. साहेबांना त्याचं काही वाटत नसे.

ती आमच्या जिल्ह्याची वाईट वर्षं. कापसाला भाव नाही, जिनिंगला कापूस नाही. एकेक जिनिंग बंद पडत गेलं, तशी तिथली फिटर मंडळी मिळेल तिकडे पांगली. राजकुमार हा घाटंजीकडचा पोरगा असाच आफ्रिकेत गेला. तिकडेही कापूस पिकतो आणि जिनिंगची यंत्रं बसवायला आपल्याकडची माणसं लागतात. योगायोग असा, की साहेब राजदूत होते त्याच देशात. तिथे एका सकाळी त्याने आत कोणी आहे का, हे न बघता यंत्र सुरू केलं. आत सफाईला आदामा नावाचा तिथल्याच एका शेतकरी घरातला तरुण उतरला होता. तो गेला. राजकुमारने काही नाकारलं नाही आणि तो तुरुंगात पडला.

साहेबांच्या मागे यवतमाळचं ऑफिस मी सांभाळत होतो; राजकुमारची आई लालीबाई आणि बायको राखी दर बाजाराच्या दिवशी तिथे माझ्याकडे येऊन बसत. दोघी काही मागत नसत, हे फार जड जायचं. तिथल्या कोर्टात मेलेल्याच्या घरच्यांचा शब्द चालतो, असं साहेबांनी फोनवर सांगितलं होतं. घरच्यांनी माफ केलं तर राजकुमार सुटेल, नाहीतर त्याची उमेदीची वर्षं तिथंच जातील. साहेब त्या खेड्यात किती वेळा जाऊन बसले, कोण जाणे. आदामाची म्हातारी आई त्यांच्याशी बोलायची नाही. थोरला भाऊ बाकारी शेवटी म्हणाला, ज्याच्या हातून माझा भाऊ गेला, त्याचं घर आणि त्याची आई मी डोळ्यांनी पाहीन, मग काय ते ठरवीन.

साहेबांनी रजा टाकली आणि त्याला घेऊन सरळ यवतमाळ गाठलं. बरोबर वकिलातीतली एक तरुण अधिकारी होती, गौरी. बाकारी फ्रेंच बोलायचा, ती दुभाषी. तिने बिचारीने माफीचा मजकूर दोन भाषांत टाइप करून आणला होता, खाली सहीपुरती जागा सोडून.

मी घाटंजीच्या देवरावला, आमच्या तालुक्याच्या कार्यकर्त्याला, एवढंच सांगितलं होतं की परदेशातला एक पाहुणा साहेबांसोबत तांड्यात येतोय, जागा झाडून ठेव, पाणी ठेव. पण त्या वर्षांत आमच्याकडे पाहणी करायला इतकी पथकं, पुढारी आणि टीव्हीच्या गाड्या येऊन गेल्या होत्या, की अख्ख्या तालुक्याला सत्कार करायची सवयच जडली होती. गाडी तांड्याच्या तोंडाशी आली आणि बाजा सुरू झाला. समोर मंडप, मंडपात स्टेज, स्टेजवर गादीच्या खुर्च्या. मागे फलक: 'विदेशी पाहुण्यांचे हार्दिक स्वागत'. लालीबाईला सणाचा घागरा घालून, आरशांची ओढणी देऊन पुढे उभं केलेलं, हातात आरतीचं ताट. देवराव शाल-नारळ घेऊन धावत आला आणि मला काही सुचायच्या आत त्याने बाकारीच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

बाकारी उंच, हाडापेराने मजबूत शेतकरी. त्याने हाराकडे पाहिलं, बाजेवाल्यांकडे पाहिलं, मग लालीबाईच्या चमचमत्या ओढणीकडे पाहिलं. गौरीला हळू आवाजात काहीतरी विचारलं. ती मराठीत पुटपुटली, "ते विचारतायत, ह्या लोकांना माझा भाऊ मेल्याचा आनंद झालाय का?"

तिने उत्तर द्यायच्या आत त्याने हार काढून गाडीच्या टपावर ठेवला, आत जाऊन बसला आणि दार लावून घेतलं. काच वर केली. त्याआधी गौरीला एवढंच म्हणाला, आता मला विमानतळावर सोडा.

देवरावला तिथंच गाडावं असं मला वाटलं. हजारो मैलांवरून आणलेला माणूस आमच्या गेंड्याच्या कातडीच्या सत्कारापायी हातचा चालला होता, आणि त्याच्याबरोबर राजकुमारही. राखी मंडपाच्या खांबाला धरून उभी होती. तिला न सांगता सगळं कळलं होतं.

साहेब देवरावला ओलांडून माझ्याकडे आले. मला म्हणाले, "मधु, बाजा बंद करायले सांग. याच्या घरी मयत झाली हाये, आपल्या पोराच्या हातून." मग डोक्यावरचा फेटा काढला. तिकडच्या राष्ट्राध्यक्षांपुढे अधिकारपत्रं सादर करताना हाच फेटा बांधून ते उभे राहिले होते, तो फोटो मी यवतमाळच्या ऑफिसात चौकट करून लावला होता. तो फेटा त्यांनी गाडीच्या दारापुढे मातीत ठेवला आणि स्वतः त्याच्यामागे, चाकाला लागून, उन्हात मांडी घालून बसले. काचेवर टकटक केली नाही, गौरीला काही सांगायला लावलं नाही. सत्तरी उलटलेला माणूस, बोडक्या डोक्याने, भारत सरकारचा राजदूत, आमच्या ऑक्टोबरच्या उन्हात धुळीत बसला होता.

बघता बघता तांडा बसला. म्हातारे आधी, मग बाया, मग बाजेवाले ढोल बाजूला ठेवून. स्टेजवरच्या खुर्च्या रिकाम्या. देवरावही शाल गुंडाळून मागे टेकला. मी उभाच होतो, पण अशा ठिकाणी उभं राहायला फार धिटाई लागते. मीही बसलो.

आतला माणूस समोर बघत होता. किती वेळ गेला, सांगता येत नाही. माझी पाठ घामाने भिजली. मग लालीबाई उठली. घरात गेली आणि रोजच्या विटक्या ओढणीत परत आली. साहेबांजवळ येऊन तिने विचारलं, "नायक, त्या पोराचं नाव काय होतं?"

तिची सून, मी, देवराव, इतके महिने तिच्या मुलासाठी धावपळ करणारे आम्ही सगळे. ते नाव तिला सांगावं असं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"आदामा," साहेब म्हणाले.

बंजारा बायांची एक रीत आहे. ज्याच्या घरी मयत झाली, तो माणूस भेटला की आधी बोलायचं नाही. ओढणी तोंडावरून ओढायची, गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि सुरात रडायचं. लालीबाई गाडीच्या दाराशी बसली आणि आदामाचं नाव घेऊन रडायला लागली. तिच्यामागे राखी, मग सगळ्या बाया. त्यात 'माझ्या लेकाला सोड' असं कुठे नव्हतं. आदामा, तू कोणाचा लेक, तुझी आई वाट पाहते, असंच सगळं होतं, एवढं मलाही कळत होतं. बाकारीला अनोळखी असलेल्या त्या बंजारा बोलीत पुन्हा पुन्हा एकच ओळखीचा शब्द काचेतून आत जात राहिला.

दार उघडलं. बाकारी उतरला आणि लालीबाईसमोर गुडघ्यांवर बसला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो एवढा मोठा पुरुष ओक्साबोक्शी रडला. मी मान वळवली नाही. खोटं कशाला सांगू, मीही रडत होतो.

खूप वेळाने तो गौरीशी बोलला. ती डोळे पुसत म्हणाली, "सर, ते माफ करतो म्हणतायत. कागद द्या म्हणतायत." तिने पर्समधून कागद काढला, पेनाचं टोपण काढलं. राखीने दोन्ही हात तोंडावर धरले.

"ठेव तो कागद," साहेब म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग मी असा काही उसळलो, की इतक्या वर्षांत सर्वांदेखत त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता तो चढवला. साहेब, माणूस स्वतःहून देतोय, घेऊन टाका, म्हणालो. उद्या त्याचं मन फिरलं तर या पोरीला काय तोंड दाखवाल, असंही म्हणालो.

"मधु, रडणाऱ्या माणसाची सही घेणं म्हणजे चोरी हाये," ते म्हणाले. "नसाबात दोन्ही बाजू लागते. इथं सगळा तांडा आपला, आन् तो एकटा. त्याची माय कुठं हाये इथं? त्यानं घरी जावं, तिले सांगावं, मंग काय ते दोघांनी ठरवावं."

गौरीने हे बाकारीला सांगितलं. मग त्याने वाकून मातीतला फेटा उचलला, झटकला आणि दोन्ही हातांनी त्यांना परत दिला.

राखी पुढे आली. तिने विचारलंच, "आन् ती माय नाही म्हणली त, नायक?"

"त मी इथंच येऊन तुयासमोर बसीन, बेटी. तोंड लपवणार नाही."

साहेब बाकारीला घेऊन परत गेले. मी पुढचे कित्येक दिवस त्यांच्यावर धुमसत होतो, आणि त्याच वेळी, जेवताना, फाइल लावताना, मला तो दारापुढचा फेटा दिसायचा आणि अंगावर काटा यायचा. एकाच माणसाचा इतका राग आणि त्याच्याविषयी इतका आदर एकदम वाटू शकतो, हे मला त्या वयात कळलं. दिवाळीत साहेबांची मुदत संपली. नवे राजदूत तिकडे रुजू झाल्याची बातमी आली. साहेबांचं विमान ठरलं होतं. त्यांना आणायला मी नागपूरला जाऊन उभा राहिलो. सगळे प्रवासी बाहेर आले, साहेब आले नाहीत.

गौरीचा फोन दुसऱ्या दिवशी आला. आदामाच्या आईने अखेर बाकारीपाशी तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, शेतात कपाशीची पराटी फुटून पांढरी झाली आहे आणि माझा वेचणारा गेला. ज्याच्या हातून गेला त्याने यावं, यंदाचा कापूस वेचून द्यावा आणि आपल्या आईकडे जावं. कोर्टाने ते मानलं, पण परदेशी माणूस पळून जाणार नाही याला जामीन कोण? वकिलातीला जामीन राहता येत नव्हतं. साहेब म्हणाले, मी आता कोणाचा राजदूत नाही, म्हणून मला राहता येतं. आणि सामान विमानतळावरून परत फिरवून ते राजकुमारबरोबर त्या खेड्यात गेले.

ही बातमी मी लगेच तांड्यावर कळवली, आणि आठवड्याने स्वतः तिकडे गेलो. लालीबाईशी बोलत होतो, तेवढ्यात माझ्या मोबाइलवर साहेबांचा फोन आला. आवाज खरखरत होता. राजकुमार बरा आहे, होळीला घरी येईल, म्हणाले. मी त्यांना म्हणालो, तुम्ही झाडाखाली बसून नुसतं लक्ष ठेवा, उन्हात फिरू नका.

"बसून कायले? वेचणीले आलो ना," ते म्हणाले. "आदामाच्या वाट्याच्या ओळी मले देल्या हायेत. बाजूच्या ओळीत त्याची माय असते. माह्याशी अजून बोलली नाही. पण दुपारी मी मागं राह्यलो का ते येते, आन् माही ओळ पुरी करून देते."

फोन मी लालीबाईच्या हातात दिला.