पोस्टमनने मळवलेले बूट

"नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचं, मध्ये कुठं टेकायचं नाही. जमलं तर यात्रेला माझ्यासोबत तुम्ही, नाही जमलं तर जाऊबाई," बायकोने निकाल दिला आणि ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

कंगवेभाऊंनी आपल्या पायांकडे पाहिलं. खिशात कायम कंगवा, म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव. सारा जन्म सलूनच्या खुर्चीभोवती गोल फिरण्यात गेलेला. उभं राहायला सांगा, दिवस मावळेपर्यंत राहतील. सरळ चालायला सांगितलं की कोपऱ्यावरचा बाक त्यांना हाका मारायचा. पण डोंगरापलीकडच्या तीर्थाला दोघांनी मिळून पायी जायचं, हे बायकोचं पहिलंवहिलं मागणं होतं. ती जाऊबाईंबरोबर गेली असती, तर वाटेवरच्या गोष्टी आठवून दोघी पुढे जन्मभर खिदळल्या असत्या आणि भाऊ मधे बसून नुसतेच "काय झालं? काय झालं?" विचारत राहिले असते.

भाऊंनी गिऱ्हाइकांकडे सल्ले मागितले. गळ्यावर वस्तरा असताना माणूस खोटं बोलत नाही, अशी त्यांची श्रद्धा.

"पिशवीत 'लागलं तर' म्हणून जे जे भरलंय, ते आधी बाहेर काढा," बँकेतले कारकून फेसातून म्हणाले.

"पायाची नखं सरळ कापा, गोल नको," म्हातारे कंपाउंडर म्हणाले. "आणि पाय दुखायच्या आधी बसा, दुखल्यावर नव्हे."

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत: नवे बूट घालून निघायचं नाही. आधी भरपूर चालून मळवायचे, म्हणजे मऊ पडतात.

भाऊंनी आपल्या कोऱ्या बुटांकडे पाहिलं. मग खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या पोस्टमनच्या पायांकडे पाहिलं. माप तेच! आणि हा माणूस रोज उन्हातान्हात गावभर चालतो!

"दाढी फुकट करतो. माझे बूट तेवढे घालून फिराल?"

पोस्टमनने डोळेही न उघडता हात पुढे केला.

बूट परत आले ते सायीसारखे मऊ होऊन. भाऊंना वाटलं, आपण अर्धी यात्रा घरबसल्याच उरकली.

परीक्षेच्या सकाळी भाऊ पुढे, मागे बायको, आणि तिच्या शेजारी पंच म्हणून जाऊबाई. दहा-बारा पावलं होताहेत तोच भाऊंची कंबर कुरकुरली. बायकोने मागून सूर लावला:

"पाय म्हणे पायाला, चल ना रे भावा,
कंबर म्हणे दोघांना, जरा दम खावा!"

जाऊबाई फिदीफिदी हसल्या. आणि तेवढ्यात बेकरीच्या पायरीवरच्या कुत्र्याने मान वर केली.

त्याचे डोळे म्हणत होते सलूनवाला. नाक म्हणत होतं पोस्टमन. आणि कुत्र्याच्या घरात नाकाचंच चालतं.

ते भुंकत सुटलं. त्याचं ऐकून शिंपीणबाईचं, त्या दोघांचं ऐकून गॅरेजवाल्याचं लंगडं. भाऊंनी जी धूम ठोकली! कोपऱ्यावरचा बाक आला, हाक मारून दमला, मागे राहिला. सुट्टीच्या दिवशी गॅलरीत पाय पसरून बसलेला पोस्टमन कठड्यावरून वाकला.

"अरेच्चा, ही तर माझी मंडळी!" तो कौतुकाने ओरडला. "भाऊ, पळू नका! पळालात की त्यांना खेळ वाटतो!"

सल्ला उत्तम होता. थांबून ऐकायला भाऊंना सवड नव्हती. पूल आला, पूल गेला. परतीच्या वाटेवर बायको आणि जाऊबाई समोरून येताना दिसल्या, भाऊ वाऱ्यासारखे त्यांच्या बाजूने निघून गेले. भाऊ दारात पोचले, बूट भिरकावून आत शिरले आणि कडी लावली.

बऱ्याच वेळाने दार वाजलं.

"जमलं की नाही?" भाऊ धापा टाकत म्हणाले.

"जमलं हो. पण मी कुठे होते?"

"तू? मागे."

"मग त्याला सोबत म्हणतात?" बायको पदराने तोंड पुसत म्हणाली. पण तिचे डोळे हसत होते. भाऊंनी मुकाट्याने दाढी, पोस्टमन, सगळं सांगून टाकलं. जाऊबाईंना हसू आवरेना. त्या भिंतीला टेकल्या.

"अगं, नेऊ नको यांना! वाटेत गावोगावची कुत्री लागतील."

बायको उंबऱ्यावर बसली. "मला धावणारा नको होता, गं. दम लागला की शेजारी बसणारा हवा होता. हे तर बसण्यात पटाईत. अहो, जुन्या चपला शोधून काढा. येताय तुम्ही."

भाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या तिथे पिशवी भरायला घेतली, आणि बायकोने ते बूट उचलून पिशवीच्या तळाशी घातले.

"अगं, 'लागलं तर'चं काही घ्यायचं नाही," भाऊ म्हणाले. "कारकूनसाहेबांनी बजावलंय."

"हे 'लागलं तर'चं नाही," बायको पिशवीचा बंद ओढत म्हणाली. "बाकावरून तुम्हाला उठवायला हे लागणारच आहेत."