एक गाव गंगासागरचं

कमरजहाँने घाटनांदूरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, पण स्वतः कधी हैदराबादच्या पलीकडे गेली नव्हती. ती निवृत्त झाली तसं तिच्या नवऱ्याने, पाशाभाईंनी, आपलं गॅरेज बंद केलं आणि म्हणाले, "चल, आता दुनिया बघून येऊ."

महिनाभर दोघं नकाशा पसरून बसत होती. इस्तंबूल, कैरो, पेरू, जपान असा आठ महिन्यांचा बेत जुळत आला. निघायची तारीख तेवढी ठरेना. पाशाभाईंच्या आईला दिसत नव्हतं. तिला कुणाच्या भरवशावर सोडायचं?

एका दुपारी शेजारची गंगासागर दही घेऊन आली. सगळं ऐकून म्हणाली, "मग कावून अडलात? अम्मीला मी बघते की."

"आठ महिने हायत, बाई!"

"माझी दोन्ही बाळंतपणं तुमीच निभावली, भाबी. तवा तुमी दिवस मोजले व्हते का?"

आतून अम्मी ओरडली, "जाव बेटा! मेरेकू इसके हातकी भाकरी लई पसंद है."

कमरजहाँने गंगासागरला हाताला धरून नकाशासमोर बसवलं. "एक गाव तू सांग. तिथं तुझ्यासाठी जाऊ."

गंगासागरने बराच वेळ शोधून निळ्या समुद्रातल्या एका बारीक ठिपक्यावर बोट ठेवलं. पाशाभाईंनी त्या बेटाचं नाव वहीत लिहिलं आणि खाली निघायची तारीख टाकली.