शिवकन्याच्या अंगणावरचा कॅमेरा

चौकातल्या खांबावर कॅमेरा बसला त्या दिवशी तो बसवायला आलेल्या माणसांना शिवकन्यानंच चहा करून दिला होता. सोनारीच्या जत्रेला गर्दी होते, त्या गर्दीतून चोर आसपासच्या गावांत शिरतात, म्हणून सरपंच अमरसिंह यांनी निधी आणून गावभर कॅमेरे लावले होते. शिवकन्याचं घर चौकाला लागूनच. बरं झालं, आता शेळ्यांची काळजी नको, असं तिलाही वाटलं होतं.

मग एकदा ती गिरणीवर दळण घेऊन गेली. तिथं सरपंचांचा चुलतभाऊ मल्हार बाकड्यावर बसला होता.

"वैनी, काल पाव्हणे आलते वाटतं. लई वेळ बसले."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? कॅमेऱ्यातलं समदं दिसतं की फोनात." त्यानं मोबाइल हलवून दाखवला. "तुमची ती काळी शेळी लंगडाया लागलीय, बघा जरा."

शेळी खरंच लंगडत होती. शिवकन्या दळण न घेताच घरी आली आणि थेट न्हाणीत जाऊन उभी राहिली. न्हाणी म्हणजे तिन्ही बाजूंनी छातीइतके पत्रे, वर उघडं आभाळ. तिनं मान वर केली. खांबावरचा कॅमेरा सरळ तिच्याकडं बघत होता. तो बसल्यापासून ती रोज इथंच अंघोळ करत आली होती. आधी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग आपण का लाजायचं, या विचारानं तिचं डोकं फिरलं. त्या दिवसापासून ती घरातच, धान्याच्या कणगीमागं अंघोळ करू लागली आणि रोज गोणपाटानं जमीन पुसू लागली. पुसताना रोज तिचा राग वाढायचा.

ती सरपंचांकडं गेली. अमरसिंह ओट्यावर पेपर वाचत होते.

"दादा, त्या कॅमेऱ्याचं तोंड फिरवा. माझ्या न्हाणीत येतंय ते."

"वहिनी, तुमच्याच सुरक्षेसाठी हाय ते."

"न्हाणीत काय चोरीला जाणार हाय माझं?"

"आवं, ते समदं टिपतं, पण बघायला येळ कुणाला हाय?"

"मल्हारभावजींना हाय की. माझी शेळी कुठल्या पायानं लंगडती ते बी ठावं हाय त्यांना."

अमरसिंह हसले. मल्हारला समज देतो म्हणाले आणि बाकीचं ग्रामसेवकाला विचारा म्हणाले. ग्रामसेवक शरणबसप्पा हे उमरग्याकडचे. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणे. कॅमेऱ्याचं कंत्राट धाराशिवच्या एका कंपनीकडं आहे, तिचा माणूस आल्याशिवाय हात लावता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. माणूस कधी येईल? कळवू. शिवकन्या पुन्हा गेली. कळवलंय. पुन्हा गेली. भाऊसाहेब मीटिंगला परंड्याला गेले होते. एकदा पंचायतीच्या दारातच पोलिसांचे बीट जमादार भेटले. त्यांनाही तिनं सांगून बघितलं.

"ताई, आपण काही वावगं करत नसलो तर कॅमेऱ्याला कशाला भ्यायचं?"

"आंगूळ करणं वावगं हाय का, जमादारसाहेब?"

जमादारांनी मोटारसायकलला किक मारली.

घरी तिचा नवरा युवराज म्हणाला, "जाऊ दे की. म्या वरनं ताडपत्री बांधतो." त्यानं बांधलीही. वारं सुटलं की ती फडफडायची आणि एका कोपऱ्यातून सुटायची. सरपंचांच्या टेबलावर गोठ्याच्या अनुदानाची फाइल होती, म्हणून युवराजला वाईटपणा नको होता. हे शिवकन्याला ठाऊक होतं. नवरा गप बसतो याचा राग यायचा आणि तो का गप बसतो हे कळतं म्हणून जास्तच यायचा.

तेवढ्यात जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. सरपंचांच्या विरोधी गटाच्या उमेदवाराची बायको महानंदा ही वाशीची, शिवकन्याच्या माहेरची, लहानपणीची मैत्रीण. प्रचाराला गावात आली तशी ती चहाला थांबली. दोघी माहेरच्या गप्पा मारत बसल्या, मताचा विषयही निघाला नाही. संध्याकाळी युवराज घरी आला तो तोंड पाडूनच.

"मल्हारनं अडवलं मला. म्हणतो, तुमच्याकडं तिकडची माणसं चहाला येत्यात म्हणं. गोठ्याची फाइल आता निवडणुकीनंतर बघू, म्हणाले सरपंच." तो खाली बसला. "त्या कॅमेऱ्याचं कायतरी केलंच पायजे."

शिवकन्या परातीत भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"म्या इतके दिस कणगीमागं आंगूळ करतीया, तवा तुमाला ताडपत्री सुचली. आन् आता गोठा अडला तर कॅमेरा दिसाया लागला व्हय?"

युवराज उठून शेळ्यांकडं गेला. तिनंही त्याला त्या रात्री जेवायला दोनदा म्हटलं नाही.

मुलगी अर्पिता धाराशिवला कॉलेजात होती. फोनवर सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथं ठराव मांड. लिहूनच घ्यावा लागेल त्यांना."

महिलांची सभा गावात कागदावर होतच होती. म्हणजे शिपाई बब्रुवान घरोघर फिरून सह्या आणायचा. निवडणूक उरकल्यावर तो तसाच आला, तेव्हा शिवकन्या म्हणाली, "बब्रुवानदादा, सही म्या सभेत येऊन करते." मग तीच घरोघर फिरली. कुणी हसलं, कुणी नवऱ्याला विचारते म्हणालं. समोरच्या अयोध्यानं तर दारातूनच वाटेला लावलं.

"आमच्याकडं कुठं तोंड हाय त्याचं? कशाला वाईटपणा घ्यायचा?"

तरी पंधरा-वीस बाया जमल्या. एवढ्या बाया पंचायतीत बघून भाऊसाहेबांनी आधी खुर्च्या कमी असल्याचं सांगितलं. बाया खाली बसल्या.

"भाऊसाहेब, त्यो टीव्ही लावा," शिवकन्या म्हणाली. "गावाचे कॅमेरे गावाला बघू द्या."

भाऊसाहेबांनी टाळाटाळ केली, पण बाया हलेनात. शेवटी त्यांनी टीव्ही लावला. पडद्यावर चौकोन चौकोन उमटले. एकात शिवकन्याचं अंगण, न्हाणी, फडफडणारी ताडपत्री. एकात हापसा, तिथं पदर खोचून पाणी भरणारी कुणाची तरी सून. एकात माजी सरपंचांचं फाटक.

म्हाताऱ्या सारजाबाई पुढं सरकून बसल्या. माजी सरपंच म्हणजे त्यांचाच मुलगा, आता विरोधी गटात. "हे तर माझं दार हाय," त्या म्हणाल्या. "भाऊसाहेब, शाळा कुठं हाय ह्यात?"

शाळा नव्हती. पोरींची छेड काढतात तो स्टँड नव्हता. दारूची टपरी नव्हती. सरपंचांची आळीही नव्हती.

"चोर काय फकस्त आमच्याच घरी यायचे हाईत का?" सारजाबाईंनी विचारलं.

"जागा मी ठरवल्या नाहीत," भाऊसाहेब खाली बघत म्हणाले. आवाज इतका बारीक होता, की शिवकन्याला क्षणभर त्यांचीही कीव आली. पण ठराव तिनं लिहून घेतलाच. कॅमेरे घरांवरून काढून शाळेकडं आणि स्टँडकडं लावावेत, आणि खाजगी फोनातलं चित्र बंद करावं.

ग्रामसभेत अमरसिंहांनी ठराव वाचला आणि विचाराधीन ठेवला. फोनातलं चित्र मात्र बंद झालं. भाऊसाहेबांनीच पासवर्ड बदलला म्हणे. मल्हार गिरणीवर भेटला की आता तोंड फिरवायचा. मग एके सकाळी शिडी घेऊन कंपनीचा माणूस आला. इतके दिवस न येणारा हाच तो. खाली स्वतः अमरसिंह उभे. त्यानं कॅमेरा फिरवला.

"झालं समाधान, वहिनी? गोठ्याचं बी बघतो आता. तुमी बी जरा दमानं घ्या."

शिवकन्यानं वर बघितलं. कॅमेऱ्याचं तोंड आता समोरच्या दाराकडं होतं.

"दादा, ठराव असा न्हवता."

"तुमचं काम झालं ना?" म्हणत ते शिडीवाल्याबरोबर निघून गेले.

युवराजनं ताडपत्री सोडून घडी घातली. "आता तरी थांब," तो म्हणाला. शिवकन्यानं पाणी तापवलं आणि किती तरी दिवसांनी न्हाणीत अंघोळ केली. पाणी कढत होतं, हवं तसं. पण पत्र्यावरून तिला अयोध्याच्या अंगणातली वाळत घातलेली लुगडी दिसत होती, आणि अंगावर पाणी घेताना तिचं लक्ष सारखं तिकडंच जात होतं.

दुसऱ्या दिवशी अयोध्या दारात आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"शिवकन्या, आता ते माझ्याकडं बघाया लागलंय गं."

जिभेवर आलेलं शिवकन्यानं गिळलं. सगळं गिळता आलं नाही. "त्या दिवशी बोलवाया आलते तुला," ती म्हणाली.

"आलतीस," अयोध्या म्हणाली.

मग शिवकन्यानं चप्पल पायात सरकवली. आज भाऊसाहेब गावात होते. जाताना सारजाबाईंना हाक मारायची होती.

"तिथं काय बोलायचं म्या?" वाटेत अयोध्यानं विचारलं.

"तुझ्या अंगणाचं तूच बोल. म्या हाय बाजूला."

पंचायतीच्या दारात तिघींना बघून भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. "ताई, तुमचं तर झालं की आता."

"व्हय," शिवकन्या म्हणाली आणि खाली बसली. "म्हणून तर आज हिला घेऊन आले."